कावीळ आणि मेंदू

कावीळ झालेल्यास सारें जग पिवळें दिसतें, अशी मराठींत एक म्हण आहे. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनें ती खरी नाहीं. काविळीच्या रोग्याचे डोळे इतरांना पिवळे दिसतात. त्या डोळ्यांना मात्र जग पूर्वीच्याच रंगांचें दिसत असतें. असें असूनहि या म्हणींत नकळत एक सत्य येऊन गेलें आहे. यकृताच्या विकारानें माणसाची जगाकडे पाहण्याची दृष्टि खरोखरच बदलूं शकते. फरक इतकाच कीं, हा बदल डोळ्यांत घडत नसून मेंदूंत घडतो.

पोटाच्या उजव्या बाजूस बरगड्यांखालीं असलेलें यकृत कोठें आणि कवटीच्या आंत सुरक्षित असलेला मेंदू कोठें! या दोहोंचा निकटचा संबंध असेल अशी शंकाहि सामान्य माणसाच्या मनांत येत नाहीं. त्यामुळें काविळीचा रोगी असंबद्ध बोलूं लागला, विनाकारण चिडूं लागला किंवा भर दिवसां पेंगूं लागला, तर घरचीं माणसें त्याचा अर्थ भलताच लावतात, आणि ज्या घटकेस वैद्यकीय मदत मिळावयास हवी ती घटका निघून जाते. हा संबंध कसा जडतो, हें समजून घेणें म्हणूनच केवळ जिज्ञासेचा विषय नव्हे. कांहीं वेळां तो जीवनमरणाचा प्रश्न असतो.

कावीळ हा स्वतः रोग नव्हे, तें एक लक्षण आहे. रक्तांतील जुन्या तांबड्या पेशी मोडल्या म्हणजे जें पिवळें द्रव्य निर्माण होतें, तें यकृतानें पित्तावाटे बाहेर टाकावयाचें असतें. हें काम अडलें कीं तें द्रव्य रक्तांत साठतें. काम अडण्याचीं कारणें अनेक आहेत. परंतु त्यांतील एक मोठें कारण म्हणजे विषाणूंमुळें यकृतास येणारी सूज, अर्थात् हिपॅटायटिस. असे मुख्य विषाणू पांच असून त्यांना ए, बी, सी, डी आणि ई अशीं नांवें आहेत. यांपैकीं ए व ई हे मुख्यतः दूषित पाण्यांतून व अन्नांतून पसरतात. बी, सी व डी यांचा प्रसार रक्तावाटे, अशुद्ध सुयांवाटे, आईकडून अपत्यास किंवा शरीरसंबंधांतून होतो. त्यांतहि डी हा बीच्या आश्रयावांचून टिकूं शकत नाहीं. बी आणि सी हे शरीरांत वर्षानुवर्षें गुपचूप ठाण मांडून बसूं शकतात. पुष्कळांना त्या काळांत कावीळ होतच नाहीं, आणि रोगाची पहिली जाणीव होते ती यकृत आक्रसून कठीण झाल्यावर. या अवस्थेस सिरोसिस म्हणतात.

हे विषाणू मज्जासंस्थेस तीन मार्गांनीं उपद्रव देतात. पहिल्या मार्गांत विषाणु मेंदूला स्पर्शहि करीत नाहीं. तो यकृत निकामी करतो आणि यकृताच्या दुर्बलतेचें फळ मेंदूस भोगावें लागतें. दुसऱ्यांत विषाणूशीं लढण्यासाठीं शरीरानें उभें केलेलें सैन्य स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटतें. तिसऱ्यांत विषाणूचा मेंदूशीं कांहीं प्रत्यक्ष संबंध येत असावा, असें दिसतें. यांतील पहिला मार्ग सर्वांत वहिवाटीचा आणि सर्वांत घातक.

यकृत हा शरीराचा जकातनाका आहे असें म्हटल्यास चुकणार नाहीं. आंतड्यांतून निघालेलें रक्त परस्पर हृदयाकडे जात नाहीं. एका मोठ्या शिरेवाटे तें प्रथम यकृतांत येतें. तेथें त्याची झडती होते, उपयुक्त माल ठेवून घेतला जातो आणि घातक द्रव्यें निरुपद्रवी केलीं जातात. हा नाका बंद पाडला तर काय होईल? १८७७ सालीं निकोलाय एक या रशियन शल्यवैद्यानें सेंट पीटर्सबर्ग येथें आठ कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करून आंतड्यांकडील रक्त यकृतास वगळून सरळ मोठ्या शिरेंत सोडलें. सात कुत्रे लवकरच दगावले आणि आठवा कांहीं आठवड्यांनीं प्रयोगशाळेंतून पळून गेला! पुढें त्याच शहरांत पावलॉव्ह व त्याचे सहकारी यांनीं हा प्रयोग अधिक कौशल्यानें केला, आणि १८९३ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेलीं निरीक्षणें आजहि बोधप्रद आहेत. शस्त्रक्रिया झालेले कुत्रे तापट व हट्टी बनत. त्यांना मांस खाऊं घातलें तर त्यांची चाल लटपटे, त्यांना नीट दिसेनासें होई, झटके येत आणि कांहीं गाढ बेशुद्धींत जात. मांसान्नांतून आंतड्यांत उत्पन्न होणारें कांहीं तरी द्रव्य, यकृताची झडती चुकवून मेंदूपर्यंत पोंचत होतें, हें उघड झालें.

या द्रव्यांतील प्रमुख म्हणजे अमोनिया. अन्नांतील प्रथिनें पचतांना व आंतड्यांतील जंतूंच्या क्रियेनें अमोनिया सतत तयार होत असतो. निरोगी यकृत त्याचें युरियांत रूपांतर करतें व तो युरिया लघवीवाटे निघून जातो. हें रूपांतर कोणत्या पायऱ्यांनीं होतें तें हान्स क्रेब्ज व कुर्ट हेन्झेलाइट यांनीं १९३२ सालीं दाखवून दिलें. यकृत थकलें म्हणजे अमोनिया रक्तांत वाढतो व मेंदूंत शिरतो. मेंदूंत मुख्य मज्जापेशींना आधार देणाऱ्या, चांदणीच्या आकाराच्या तारकापेशी असतात. आलेला अमोनिया आवरण्याचें काम त्या अंगावर घेतात व त्याचें ग्लुटामीन नांवाच्या द्रव्यांत रूपांतर करतात. परंतु हें द्रव्य पेशींत सांचलें कीं तें आपल्याबरोबर पाणी ओढून घेतें आणि तारकापेशी फुगतात. मज्जापेशींमधील संदेशांची देवाणघेवाण मंदावते, विस्कटते. शरीरांत एखाद्या ठिकाणीं जंतुसंसर्ग असला तर हा परिणाम दुणावतो. यकृतविकारामुळें येणाऱ्या मेंदूच्या या बिघाडास वैद्यकांत हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात.

याची सुरुवात मोठी फसवी असते. कल्पना करावी कीं, एखाद्या कचेरींतील अनुभवी हिशेबनीस आहे. सिरोसिसचें निदान होऊन त्याला दोन वर्षें झालीं आहेत, पण तो कामावर जातो, चारचौघांत मिसळतो. एके महिन्यांत त्याच्या बेरजा चुकूं लागतात. रात्रीं त्याला झोप येत नाहीं आणि दुपारीं मेजावरच डोळा लागतो. सही पूर्वीसारखी येत नाहीं. अक्षर मोठें, वांकडेंतिकडें होतें. मूळचा शांत स्वभाव एकाएकीं चिडखोर बनतो, किंवा मूळचा अबोल माणूस नको तेवढा मोकळा होतो. सदऱ्याचीं बटणें लावतांना तो घोटाळतो. पुढें वार व तारीख सांगतां येईनाशी होते, नात्यांतील माणसांचीं नांवें चुकतात, बोलणें जड होतें. हात समोर ताणून पंजे मागें वळवून धरण्यास सांगितलें, तर पंजे क्षणभर गळून खालीं येतात व पुन्हां वर जातात, जणूं एखादा पक्षी पंख फडफडवीत आहे. या विशिष्ट फडफडीचें वर्णन १९४९ सालीं अमेरिकेंतील रेमंड अॅडम्स व जोसेफ फोली यांनीं केलें. यानंतरची पायरी म्हणजे गुंगी, आणि शेवटची म्हणजे बेशुद्धि.

घरांत या लक्षणांचा अर्थ काय लावला जातो? कोणी म्हणतो, पुन्हां पिऊं लागला असेल. कोणी म्हणतो, वयानें बुद्धीला भ्रम झाला. कोणास बाहेरची बाधा दिसते. आणि कोणी सहृदय शेजारी, बिचाऱ्याला रात्रभर झोप नाहीं म्हणून, आपल्याजवळची झोपेची गोळी आणून देतो. या शेवटच्या उपकारासारखा दुसरा अपकार नाहीं. कारण थकलेलें यकृत तें औषध लवकर नाहींसें करूं शकत नाहीं आणि आधींच गुंगलेला मेंदू अधिकच खोल बुडतो.

वास्तविक ही अवस्था पुष्कळदां परतवितां येते, आणि तिच्यामागें बहुधा एखादें शोधून काढतां येण्यासारखें निमित्त असतें. बद्धकोष्ठ, पोटांत झालेला रक्तस्राव, जंतुसंसर्ग, जुलाब-उलट्यांनीं कमी झालेलें पाणी, लघवी होण्याच्या औषधांचा अतिरेक किंवा झोपेचीं औषधें हीं त्यांतील नेहमींचीं निमित्तें होत. शौचास डांबरासारखें काळें झालें तर तें आंतील रक्तस्रावाचें चिन्ह असूं शकतें, हें घरच्यांनीं लक्षांत ठेवावें. उपचारांत प्रथम तें निमित्त दूर करतात. त्याबरोबर लॅक्ट्युलोज नांवाचें एक गोड, पातळ औषध देतात. १९६६ सालापासून या विकारावर त्याचा उपयोग होत आला आहे. तें आंतड्यांतील वातावरण आम्ल करतें, त्यामुळें अमोनिया रक्तांत न शिरतां मळाबरोबर बाहेर पडतो. दिवसांतून दोन-तीन वेळां शौचास मऊ व्हावें इतकें त्याचें प्रमाण ठेवतात. आंतड्यांतील जंतूंना आळा घालणारें रिफॅक्सिमिन हें औषधहि पुनःपुन्हां होणारे झटके टाळण्यासाठीं दिलें जातें.

येथें पथ्याविषयीं एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पावलॉव्हच्या कुत्र्यांपासून घेतलेला धडा वैद्यांनीं अनेक दशकें अक्षरशः पाळला आणि अशा रोग्यांचें डाळ, दूध, अंडीं सर्व बंद केलें. आतां हें मत बदललें आहे. २००४ सालीं बार्सेलोना येथील संशोधकांनीं प्रसिद्ध केलेल्या एका तुलनात्मक अभ्यासांत, नेहमींच्या प्रमाणांत प्रथिनें दिल्यानें मेंदूची स्थिति बिघडत नाहीं असें आढळलें. उलट उपासमारीनें स्नायु झिजतात, आणि यकृत दुबळें झालें असतां अमोनियाचा भार उचलण्याचें काम बऱ्याच अंशीं हे स्नायूच करीत असतात. म्हणून सिरोसिसच्या रोग्यास शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागें दररोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनें मिळावींत, असा आजचा सल्ला आहे. डाळी, दहीं, दूध हे पदार्थ अशा रोग्यांना चांगले मानवतात. फार वेळ उपाशीं न राहतां थोडें थोडें अनेकदां खावें आणि निजण्यापूर्वीं कांहीं खाऊन घ्यावें. काविळीचें पथ्य म्हणून आठवडेच्या आठवडे केवळ उसाचा रस व ताकभात यांवर रोग्यास ठेवण्याची चाल कितीहि प्रेमापोटीं असली, तरी ती त्याचें बळ हिरावून घेते.

वर सांगितलेला प्रकार जुन्या यकृतविकारांतील झाला. नव्यानें झालेल्या तीव्र काविळींत हीच घटना आठवड्यांत नव्हे तर कधीं कधीं एकदोन दिवसांत घडते. पूर्वीं धडधाकट असलेल्या तरुण माणसाचें यकृत विषाणूच्या हल्ल्यानें एकाएकीं कोसळतें. अमोनियाची लाट इतक्या वेगानें येते कीं मेंदूस तिच्याशीं जुळवून घेण्यास अवधि मिळत नाहीं. मेंदू सुजतो, आणि कवटी हाडाची असल्यानें त्या सुजेला वाव मिळत नाहीं. असा प्रसंग विरळा असला तरी अत्यंत घोर आहे, आणि तो गरोदर स्त्रियांवर ई विषाणूमुळें विशेषेंकरून ओढवतो. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा विकार झाल्यास २० ते २५ टक्क्यांपर्यंत स्त्रिया दगावूं शकतात, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते.

या ई विषाणूचा इतिहास हिंदुस्थानाशीं निगडित आहे. १९५५ सालीं यमुनेस पूर आला. तो ओसरतांना नदीचें पात्र सरकलें आणि दिल्लीस पाणी पुरविणाऱ्या वझिराबाद येथील उपशाच्या जागीं नजफगड नाल्याचें सांडपाणी शिरलें. अधिकाऱ्यांनीं पाण्यांत क्लोरीनचें प्रमाण वाढविलें. त्यामुळें विषमज्वरासारख्या साथी उद्भवल्या नाहींत, परंतु हा विषाणु त्यास दाद देईना. डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळांत सुमारें २९,००० लोकांना कावीळ झाली. ती साथ ए विषाणूची असावी असा त्या वेळचा समज होता. जपून ठेवलेल्या रक्तरसाची पुढें तपासणी झाली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेंतील संशोधकांचा जींत सहभाग होता अशा त्या अभ्यासानें १९८० सालीं दाखवून दिलें कीं, हा विषाणु ए नव्हे आणि बी नव्हे. १९८३ सालीं मिखाईल बलायान या रशियन शास्त्रज्ञानें रोग्यांच्या मळाचा अर्क स्वतः पिऊन व स्वतःस कावीळ ओढवून घेऊन तो विषाणु सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला. तोच आजचा ई.

या ई विषाणूपासूनच मज्जासंस्थेवरील हल्ल्याच्या दुसऱ्या मार्गाकडे वळतां येतें. गियां-बारे या नांवानें ओळखला जाणारा एक विकार आहे. फ्रान्समध्यें १९१६ सालीं त्याचें वर्णन झालें. एखादा संसर्ग होऊन गेल्यावर कांहीं दिवसांनीं पायांत मुंग्या येतात, पाय लुळे पडूं लागतात, दुबळेपणा वर वर चढत जातो आणि कधीं कधीं श्वासाचे स्नायूहि थकतात. विषाणूशीं लढणारीं प्रतिद्रव्यें स्वतःच्याच मज्जातंतूंस शत्रु समजून बसतात, हें त्याचें कारण. नेदर्लंड्समध्यें अशा २०१ रोग्यांचें रक्त तपासलें तेव्हां १० जणांत, म्हणजे ५ टक्क्यांत, ई विषाणूच्या ताज्या संसर्गाच्या खुणा सांपडल्या. तुलनेसाठीं घेतलेल्या निरोगी माणसांत हें प्रमाण अर्धा टक्काच होतें. हा अभ्यास २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्याच वर्षीं बांगलादेशांतील १०० रोग्यांच्या पाहणींत हें प्रमाण ११ टक्के आढळलें होतें.

याच विषाणूच्या पाठोपाठ कधीं कधीं खांद्यांत एकाएकीं असह्य कळा येतात आणि त्या ओसरतात तोंच दंडाचे स्नायु लुळे पडून झिजूं लागतात. ई विषाणूमुळें हें झालें असतां दोन्ही खांद्यांना उपद्रव होण्याचा संभव अधिक असतो. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, यांतील अनेक रोग्यांना कावीळ झालेलीच नसते. यकृताला सूज आल्याचें केवळ रक्ततपासणींत कळतें. म्हणून अशा लुळेपणांत डॉक्टरानें यकृताची तपासणी करण्यास सांगितलें, तर पोटाचा आणि खांद्याचा काय संबंध म्हणून ती टाळूं नये.

सी विषाणु दुसऱ्या एका रीतीनें मज्जातंतूंना छळतो. त्याच्या दीर्घ मुक्कामामुळें रक्तांत कांहीं अशीं प्रथिनें तयार होतात कीं जीं थंडींत गोठून साक्यासारखीं खालीं बसतात. त्यांना क्रायोग्लोब्युलिन म्हणतात. मज्जातंतूंना रक्त पुरविणाऱ्या बारीक वाहिन्या त्यांनीं सुजतात आणि तळव्यांची आग, बधिरता, टोंचल्यासारख्या वेदना सुरू होतात. पायांवर जांभळट ठिपकेहि उमटतात. बी विषाणूमुळें क्वचित् मध्यम आकाराच्या रक्तवाहिन्या सुजून एखाद्या मज्जातंतूचें काम अचानक थांबतें आणि हाताचा किंवा पायाचा पंजा लोंबूं लागतो. साखरेच्या विकारानेंहि तळवे जळतात. परंतु साखर ठीक असतां हीं लक्षणें दिसलीं, तर या विषाणूंचा विचार व्हावयास हवा.

तिसरा मार्ग अधिक सूक्ष्म आहे. सी विषाणूच्या अनेक रोग्यांचें यकृत बऱ्या स्थितींत असतांहि ते सांगतात कीं, डोकें जड वाटतें, लक्ष लागत नाहीं, शब्द आठवत नाहींत, विश्रांति घेऊनहि थकवा जात नाहीं. पुष्कळ काळ या तक्रारी मनाचे खेळ म्हणून बाजूला सारल्या गेल्या. लंडनमधील संशोधकांनीं २००१ सालीं चुंबकीय तंत्रानें अशा रोग्यांच्या मेंदूंतील रासायनिक द्रव्यें मोजलीं, तेव्हां त्यांचें परस्परप्रमाण निरोगी माणसांहून व बी विषाणूच्या रोग्यांहूनहि निराळें आढळलें. मेंदूच्या केशवाहिन्यांच्या अस्तरांतील पेशींत हा विषाणु शिरकाव करूं शकतो, असेंहि पुढें दिसून आलें. चिंता, निद्रानाश, खिन्नता यांचाहि या थकव्यांत वांटा असतो. तथापि रोगी बहाणा करीत नाहीं, एवढें तरी यावरून निश्चित झालें.

सुदैवाची गोष्ट ही कीं, या विषाणूंपैकीं बहुतेकांचा बंदोबस्त करतां येतो. १९८९ सालीं ओळखला गेलेला सी विषाणु आतां साधारणपणें बारा आठवडे गोळ्या घेतल्यानें शेंकडा ९५ हून अधिक रोग्यांच्या शरीरांतून नाहींसा होतो. बी विषाणूवर लस आहे; ती बालकास जन्मानंतर चोवीस तासांच्या आंत टोंचली असतां आईकडून होणाऱ्या संसर्गापासूनहि रक्षण मिळतें, आणि बीपासून रक्षण म्हणजे डीपासूनहि रक्षण. ए विषाणूवरहि लस आहे. भारत सरकारनें २८ जुलै २०१८ रोजीं सुरू केलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांत बी व सी यांची तपासणी आणि औषधें विनामूल्य मिळण्याची तरतूद आहे. पाणी उकळून पिणें, दुसऱ्याचा वस्तरा न वापरणें, सुई नवी असल्याची खात्री करून घेणें, या साध्या गोष्टींचें महत्त्व तर सर्वज्ञात आहेच.

परंतु रोग एकदां घरांत आल्यावर जें काम उरतें, तें कोणत्याहि प्रयोगशाळेस करतां येत नाहीं. मेंदूचा हा बिघाड ज्याला होतो त्याला स्वतःला तो जाणवत नाहीं; तो मोटार हांकावयास बसतो, व्यवहाराच्या कागदांवर सह्या करतो आणि आपण ठीक आहों असेंच सांगतो. त्याची रोजची झोप, रोजचें बोलणें, त्याचें अक्षर आणि त्याचा स्वभाव ज्यांना ठाऊक असतो, त्यांनाच पहिला फरक कळतो. म्हणून काविळीच्या किंवा जुन्या यकृतविकाराच्या रोग्याजवळ असणाऱ्यानें डोळ्यांचा पिवळेपणा पाहावाच. पण त्याबरोबर आज वार कोणता तें रोज सकाळीं विचारावें, एक ओळ लिहून घ्यावी, आणि रात्र जागून दिवसां झोंपण्याचा क्रम सुरू झाला आहे काय तें पाहावें. यांत फरक दिसतांच झोपेची गोळी देऊं नये, गळ्यांत काविळीची माळ घालून वाट पाहत बसूं नये, सकाळपर्यंत थांबूं नये. रोग्यास त्याच वेळीं रुग्णालयांत न्यावें आणि तेथील डॉक्टरास दोनच वाक्यें सांगावींत: याला यकृताचा विकार आहे, आणि याचें वागणें कालपासून बदललें आहे.